वाजतं ते सगळं सेन्सर नसतं!

सुरुवात कबुलीजबाबाने करतो. गेल्या वर्षीच्या प्रोजेक्ट प्रदर्शनात 'औद्योगिक विषारी वायू शोधक यंत्र' अशा भारदस्त नावाचं एक मॉडेल होतं, आठवतंय? ज्याच्या बझरने दिवसभर सगळ्यांचं डोकं उठवलं होतं? ते आमच्या ग्रुपचं. त्याला दुसरं बक्षीससुद्धा मिळालं. प्रमाणपत्र अजून माझ्या खोलीत कॉटच्या वर चिकटवलेलं आहे. त्या यंत्राबद्दल आज खरं काय ते लिहून टाकतो, म्हणजे रात्री झोप तरी नीट लागेल.

यंत्रात होतं काय? एक आर्दुइनो, दीड-दोनशे रुपयांचा एमक्यू-१३५ सेन्सर, एक एलसीडी आणि तो बझर. एलसीडीवर झोकात आकडा यायचा, 'एच-टू-एस : इतके पीपीएम'. एच-टू-एस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यांच्या वासाचा जीवघेणा वायू. हा आकडा कुठून यायचा? इंटरनेटवरून उतरवलेल्या कोडमधून! खरा एच-टू-एस आमच्या यंत्राने जन्मात पाहिला नव्हता. आम्ही त्याला अगरबत्ती दाखवली, डिओ मारला, मेसमधल्या फोडणीजवळ नेलं. प्रत्येक वेळी बझर वाजला आणि प्रत्येक वेळी आम्ही टाळ्या पिटल्या. प्रदर्शनाच्या दिवशी तर परीक्षक सरांनी हाताला सॅनिटायझर लावला आणि यंत्र किंचाळायला लागलं. एलसीडीनुसार सरांच्या तळहातातून विषारी वायू येत होता! सर हसले, "सेन्सिटिव्ह आहे हं," म्हणाले आणि मार्क देऊन पुढे गेले.

सेन्सिटिव्ह होतं, अगदी खरं. कुणाच्याही नावाने ओरडत होतं.

काकांचा प्रश्न

मी बोईसरचा. बाबांचे एक मित्र आहेत, लहानपणापासून आम्ही त्यांना काकाच म्हणतो. तारापूर एमआयडीसीत एका कारखान्याच्या सांडपाणी विभागात ऑपरेटर म्हणून त्यांची बावीस वर्षं गेली. दिवाळीच्या सुट्टीत ते घरी आले होते. आईने कौतुकाने प्रमाणपत्राचा फोटो दाखवला. मीही बॅगेतून यंत्र काढलं, अगरबत्ती पेटवली, वाजवून दाखवलं. काकांनी ते हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि अगदी साधा प्रश्न विचारला.

"अरे, हे घेऊन मी टाकीत उतरू का?"

मी गप्प. आई चहा घेऊन आली तरी मी गप्पच. शेवटी म्हणालो, "नाही काका, नका उतरू." ते हसून म्हणाले, "मग हे कशासाठी केलंस?"

मार्कांसाठी, असं खरं उत्तर होतं. ते तोंडातून निघेना. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर समजा.

नाकावर विश्वास ठेवू नये, कारण...

रात्रीच्या गाडीने येताना डोळे मिटलेले असले तरी बोईसर आलं हे नाकाला कळतं, असं आपण सगळेच गमतीत म्हणतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुण 'मिळवून' देशात पहिलं आलं होतं. पहिला नंबर मिळूनही पेढे वाटावेसे वाटू नयेत, अशी ही एकच परीक्षा असावी.

पण या भागात नाकावर भरवसा ठेवून चालत नाही. हायड्रोजन सल्फाइडचंच बघा. साचलेल्या गाळात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे सल्फेटवर जगणारे जीवाणू तो तयार करतात. थोडा असला की भयंकर घाण वास येतो. पण प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. माणसाला वाटतं, वास गेला, म्हणजे वायू गेला. आणि तो खाली उतरतो. हवेपेक्षा जड असलेला हा वायू नेमका खालीच बसलेला असतो. एकजण कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. देशभरातल्या टाक्या आणि गटारांमधल्या अशा बातम्या आपण इतक्या वेळा वाचल्यात की आता पान उलटतो.

थोडक्यात, नाक हा कॅलिब्रेशन नसलेला सेन्सर आहे. आमचं यंत्रही तसंच. मग खरा सेन्सर कसा असतो?

उलटा विचार केलेली बॅटरी

टॉर्चचा सेल सगळ्यांना माहीत आहे. आत रसायनं भरलेली असतात, त्यांच्या क्रियेतून वीज मिळते. इलेक्ट्रोकेमिकल गॅस सेन्सर ही जवळपास तीच गोष्ट आहे. फरक इतकाच की इथे इंधन आत भरलेलं नसतं, ते बाहेरून येतं, आणि ते इंधन म्हणजेच आपण शोधत असलेला वायू. एच-टू-एसचा एक रेणू पडद्यातून आत शिरतो, इलेक्ट्रोडवर त्याचं ऑक्सिडेशन होऊन सल्फ्युरिक आम्ल होतं आणि तो आठ इलेक्ट्रॉन मोजून देतो. दुसऱ्या इलेक्ट्रोडवर हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. तिसरा इलेक्ट्रोड, म्हणजे रेफरन्स, व्होल्टेज हलू नये म्हणून पहारा देतो. आत येण्याची वाट मुद्दाम अरुंद ठेवलेली असते, त्यामुळे बाहेर जेवढा वायू तेवढाच करंट. करंट अगदी चिमूटभर असतो, पण त्याला अर्थ असतो. आमच्या एमक्यूमध्ये तापवलेला टिन ऑक्साइड असतो. जळू शकणारी जवळजवळ कुठलीही वाफ त्याच्याजवळ आली की त्याचा रेझिस्टन्स बदलतो. कोण आलं हे त्याला कळत नाही, कुणीतरी आलं एवढंच कळतं.

म्हणजे सगळी कसोटी 'कुणीतरी' आणि 'कोण' या दोन शब्दांतल्या फरकात आहे. शास्त्रीय भाषेत याला सिलेक्टिव्हिटी म्हणतात. आपण परीक्षेत तीन मार्कांची व्याख्या लिहून ती विसरतो.

हा फरक कसा साधतात, ते आपल्या होस्टेलच्या उदाहरणाने सांगतो. पहिली युक्ती गेटची. नको त्याला आतच येऊ द्यायचं नाही. इलेक्ट्रोडवर पडदा किंवा फिल्टर बसवायचा. अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या ऑक्सिजन इलेक्ट्रोडमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा होता. ऑक्सिजन आत जाई, रक्तातली बाकी गर्दी बाहेर राही. दुसरी युक्ती व्होल्टेजची. ठरावीक व्होल्टेजला ठरावीक रेणूच इलेक्ट्रॉन देतात, बाकीचे ढिम्म बसून राहतात. मेसची घंटा आणि लेक्चरची घंटा, कुठल्या घंटेला कोण उठतं हे आपल्याला माहीत आहेच! तिसरी युक्ती कुलूप-किल्लीची, म्हणजे एन्झाइमची. क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम बसवलं. ते ग्लुकोजला धरतं, इतर साखरांकडे फारसं ढुंकून बघत नाही. आज घरोघरी असलेला ग्लुकोमीटर हा त्याचाच नातू. आणि चौथी युक्ती साच्याची. हव्या त्या रेणूभोवती पॉलिमर घट्ट करायचा आणि मग रेणू काढून घ्यायचा. मागे त्याच आकाराची पोकळी उरते. मोदकाच्या साच्यात करंजी बसत नाही, तसंच.

चेकनाक्यावर पोलीस जे यंत्र तोंडापुढे धरतात, त्यातल्या चांगल्या यंत्रांत प्लॅटिनमचा फ्युएल सेल असतो. तो अल्कोहोलला करंट देतो. मधुमेही माणसाच्या श्वासात येणाऱ्या अ‍ॅसिटोनला तो दाद देत नाही. स्वस्तातलं, सेमीकंडक्टर सेन्सरचं यंत्र मात्र फसू शकतं. म्हणजे निरपराध माणूस घरी जाणार की चौकीवर, हे एका इलेक्ट्रोडच्या निवडीवर ठरतं.

चुकीच्या रेणूची किंमत

"एवढं काय, थोडा आकडा चुकला तर?" असं माझा रूम पार्टनर म्हणाला होता. त्याला मी ग्लुकोमीटरच्या पट्टीची गोष्ट सांगितली, तुम्हालाही सांगतो.

काही पट्ट्यांत ग्लुकोज ऑक्सिडेजऐवजी दुसरं एक एन्झाइम वापरत. ते ग्लुकोजबरोबर माल्टोज या साखरेलाही ग्लुकोजच समजत असे. एरवी बिघडत नव्हतं, कारण आपल्या रक्तात माल्टोज जवळपास नसतं. पण काही डायलिसिसच्या द्रावणांतून आणि काही औषधांतून माल्टोज रक्तात येतं. अशा पेशंटची साखर प्रत्यक्षात उतरलेली असताना मीटर ती वाढलेली दाखवायचा. मग इन्सुलिन दिलं जायचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये इशारा काढला, तेव्हा अशा चुकीच्या आकड्यांशी जोडलेल्या तेरा मृत्यूंची नोंद त्यांच्याकडे झालेली होती.

त्या पट्ट्या बिघडलेल्या नव्हत्या. कारखान्यातून पास होऊनच आल्या होत्या. शुद्ध ग्लुकोजच्या द्रावणात त्यांनी बरोबर आकडा दिला असता. फसवणारा रेणू समोर आल्यावर काय होतं, हा प्रश्न वेळेवर पुरेशा जोराने विचारला गेला नव्हता, इतकंच.

चांगल्या सेन्सरलाही मर्यादा

आता कुणी म्हणेल, मग महागाचा इलेक्ट्रोकेमिकल सेल लावा, विषय संपला. विषय तिथेही संपत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा सेल हायड्रोजनलाही थोडाफार प्रतिसाद देतो. सेल दोन-तीन वर्षांत म्हातारा होतो, इलेक्ट्रोलाइट सुकतो, आणि मेलेला सेल शून्य दाखवतो. शून्य म्हणजे सगळं ठीक, असं वाचणाऱ्याला वाटतं! म्हणून मीटर वापरण्याआधी त्याला माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू हुंगवून बघतात. याला बंप टेस्ट म्हणतात. काकांना ती माहीत होती. मला, इन्स्ट्रुमेंटेशनच्या विद्यार्थ्याला, माहीत नव्हती.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. २१ ऑगस्ट २०२५ रोजी आपल्याच तारापूर औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात नायट्रोजनची गळती झाली आणि चार कामगार गेले. तेव्हा होस्टेलच्या कट्ट्यावर एकाने विचारलं, "नायट्रोजन? तो तर हवेत ७८ टक्के असतो. त्याने माणूस कसा मरेल?" प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. नायट्रोजन विषारी नाहीच. तो ऑक्सिजनची जागा घेतो, बस. त्याला रंग नाही, वास नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. ऑक्सिजन फारच कमी असेल तर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने अडचण अशी की नायट्रोजन इलेक्ट्रोडवर काहीच करत नाही, त्याला पकडणारा इलेक्ट्रोकेमिकल सेल नाही. तिथे पकडावा लागतो तो कमी होणारा ऑक्सिजन. हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की मीटरने ओरडलं पाहिजे. म्हणूनच बंद जागेत उतरण्याआधी चार वायूंचा मीटर बाहेरून, वेगवेगळ्या खोलीवर फिरवतात. त्यातले ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि एच-टू-एस हे तीन सेल साधारणपणे इलेक्ट्रोकेमिकलच असतात. कुठला रेणू मोजायचा हे ठरवणं, हीच अर्धी इंजिनिअरिंग. आमच्या 'विषारी वायू शोधक' यंत्राला या प्रश्नाचा गंधही नव्हता.

गंमत बघा. आपल्याकडे १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. किरणोत्सर्गी विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर बॅज असतो आणि त्याला मिळालेल्या मात्रेची नोंद राहते. त्याच तालुक्यात रसायनांच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाने काय काय हुंगलं, याची अशी आयुष्यभराची वही कोण ठेवतं? ही वही शक्य करणारा लहान, स्वस्त आणि खरं बोलणारा सेन्सर बनवणं, हा विषय आपल्या दाराशी पडलेला आहे. आणि आपण 'स्मार्ट डस्टबिन' बनवतोय!

खाडीचं पाणी आणि माझी पेन्सिल

हवेबरोबर पाण्याचाही प्रश्न आहे. औद्योगिक वसाहतीतलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या वतीने अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना पर्यावरण भरपाई भरण्याचा आदेश दिला. अशा वादात सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे सीओडी. सीओडी मोजायला पाण्याचा नमुना डायक्रोमेटबरोबर दोन तास उकळतात आणि जे जे ऑक्सिडाइज होईल त्याची बेरीज सांगतात. बेरीज उपयोगाची आहे, तिच्याशिवाय चालणार नाही. पण ती मेसच्या बिलासारखी असते. एकूण किती झालं ते कळतं, कोणी काय खाल्लं ते कळत नाही. पाण्यात फिनॉल आहे, की अ‍ॅनिलिन, की नुसतीच साखर, हे सीओडी सांगत नाही. माशाला मात्र तो फरक कळतो.

काकांच्या प्रश्नानंतर मी ठरवलं, निदान एक रेणू प्रामाणिकपणे मोजून बघू. केमिस्ट्रीच्या सरांच्या मागे लागलो. कपाटात बंद असलेला पोटेन्शिओस्टॅट त्यांनी बाहेर काढला, त्यांचे आभार. इलेक्ट्रोड म्हणून साध्या पेन्सिलीचं शिसं घेतलं (ते ग्राफाइट असतं, फुकट्यांचा आधार!). डिस्टिल्ड वॉटरमध्ये बफर आणि अगदी थोडं फिनॉल घातलं. स्क्रीनवर असा सुबक पीक आला की फोटो काढून सगळ्यांना पाठवला. प्रमाण वाढवलं, पीक वाढला. सरळ रेषा! मनात पेपर छापून झाला.

मग खाडीचं पाणी आणलं, त्यात तेवढंच फिनॉल घातलं. पीक बसका झाला, सरकला, शेजारी आणखी एक टेंगूळ आलं, ते कशाचं कोण जाणे. तिसऱ्या रनला तर काहीच दिसेना. सर म्हणाले, "फिनॉल ऑक्सिडाइज झालं की इलेक्ट्रोडवरच त्याचा पॉलिमर जमतो. तुझी पेन्सिल आंधळी झाली." म्हणजे ज्याला शोधायचं त्यानेच शोधणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली! दोन महिने झाले, अजून मार्ग सापडलेला नाही. दर वेळी नवीन टोक, कमी वेळ, वेगळी पल्स, असे प्रयोग चालू आहेत. पण त्या एका फसलेल्या दुपारी मी जेवढं शिकलो, तेवढं दुसऱ्या बक्षिसात नव्हतं.

तर मग करायचं काय?

नुसती टीका करून पळून जाणं बरं नाही. माझ्या चार सूचना आहेत. सरांनी आणि मॅडमनी रागावू नये.

एक, सेन्सरच्या प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक पान सक्तीचं करावं. त्याचं शीर्षक, 'याला कोण फसवतं?' निदान पाच पदार्थ, शिवाय दमट हवा आणि तापमान. पावसाळ्यात पालघरला हवेत किती पाणी असतं, ते वाळत न वाळणाऱ्या आपल्या जीन्सला विचारा.

दोन, डिस्टिल्ड वॉटरमधला ग्राफ अर्धे मार्क. उरलेले अर्धे खऱ्या पाण्यात किंवा खऱ्या हवेत काय झालं, यासाठी. फसलं तरी मार्क, पण लपवलं तर शून्य.

तीन, नाव खरं ठेवावं. एमक्यू सेन्सर वाईट नाही, स्वयंपाकघरात गॅसची गळती झाली तर ओरडायला तो चांगला आहे. पण त्याला 'विषारी वायू शोधक' म्हणू नये आणि ज्याचं कॅलिब्रेशन केलं नाही, त्याच्या पडद्यावर 'पीपीएम' लिहू नये.

चार, केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशन आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी एकत्र प्रोजेक्ट करावेत. पोटेन्शिओस्टॅट लाखालाखाचा असतो म्हणून रडण्याचं कारण नाही. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी चीपस्टॅट नावाच्या, ऐंशी डॉलरच्या आत होणाऱ्या पोटेन्शिओस्टॅटचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं करून ठेवलं आहे. बोर्ड सोल्डर करणारे हात आपल्या होस्टेलवर ढिगाने आहेत. इलेक्ट्रोडवर काय चालतं ते सांगणारे सर वरच्या मजल्यावर आहेत. मध्ये फक्त एक जिना आहे.

यावर आक्षेप मला पाठ आहेत. "आपला तर साधा विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट, तो कोण वापरणार?" अहो, पण आपण कायम विद्यार्थी राहणार आहोत का? दोन वर्षांनी आपल्यातलाच कुणीतरी एखाद्या प्लँटमध्ये मीटरच्या खरेदीवर सही करणार आहे, कुणी बंद टाकीत उतरण्याच्या परमिटवर. बझर वाजला की टाळ्या पिटायची सवय आज लागली, तर ती सही करतानाही जाणार नाही. "वेळ कुठे आहे? सबमिशन, ओरल, प्लेसमेंट..." हेही खरं. पण 'कोण फसवतं?' या पानाला एक संध्याकाळ लागते. एक अगरबत्ती, थोडा सॅनिटायझर, एक लिंबू. मॅच बघायला आपल्याला वेळ मिळतोच की!

असो. प्रमाणपत्र भिंतीवरून काढणार नाही, आईला वाईट वाटेल. पण त्याच्या खाली मी पेनाने एक ओळ लिहून ठेवली आहे : 'टाकीत उतरताना वापरू नये.' काका पुन्हा घरी येतील तेव्हा त्यांना पेन्सिलवाला ग्राफ दाखवणार आहे, सुबक नाही, खाडीतला बसका. आणि त्यांनी परत तोच प्रश्न विचारला तर या वेळी गप्प बसणार नाही. सांगेन, "अजून नाही काका. पण याला कोण फसवतं, ते आता मला माहीत आहे."

(अंतिम वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन)